आज रात्री हे यंत्र कोण चालवणार?

रुग्णालयातलं ट्रेनिंग रजिस्टर बाहेरच्या माणसाच्या पाहण्यात सहसा येत नाही. जाड पुठ्ठ्याचं, लांबट, पाठीवर लाल कापडाची पट्टी. प्रत्येक पानावर वर विषय, तारीख आणि शिकवणाऱ्याचं नाव. खाली अनुक्रमांक, नाव, हुद्दा, विभाग, सही. नवीन यंत्र आलं की एक पान भरतं. तपासणी जवळ आली की आठवड्याभरात बरीच पानं भरतात. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी बायोमेडिकल इंजिनिअर म्हणून काम करते. या रजिस्टरशी माझा रोजचा संबंध, आणि त्याच्याबद्दल माझं मत आता ठाम झालं आहे. अमुक तारखेला खोलीत कोण कोण बसलं होतं, एवढंच ते सांगतं. आज रात्री आयसीयूतल्या सहा नंबरच्या खाटेवरचा व्हेंटिलेटर कोणाच्या हातात आहे आणि तो हात तयार आहे का, याचं उत्तर त्यात कुठेच सापडत नाही. पेशंटच्या दृष्टीने विचारण्यासारखा प्रश्न मात्र तो एकच आहे.

डेमो कसा होतो ते सांगते. कंपनीचा एक माणूस यंत्र बसवायला येतो, त्यानंतर ‘ॲप्लिकेशन’चा दुसरा माणूस वापर शिकवायला. वेळ ठरते दुपारी दोनची. सकाळची पाळी संपत असते, दुपारची सुरू होत असते, म्हणजे दोन्हीकडची माणसं सापडतील असा हिशेब. प्रत्यक्षात सकाळच्या सिस्टरचं लक्ष ओव्हर देण्यात, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या पाळीला सोपवण्यात, आणि शाळेतून सुटणाऱ्या मुलाकडे असतं, दुपारच्या सिस्टरचं ओव्हर घेण्यात. ॲप्लिकेशनवाला बिचारा मन लावून सांगत असतो. हा मेनू, हा ट्रेंड, हे नवीन फीचर, असं करत तो स्क्रीनवरून बोट फिरवतो. समोरच्या अर्ध्या वर्तुळात पुढच्या तिघींना स्क्रीन दिसतो, मागच्यांना पुढच्यांच्या टोप्या. यंत्राला हात लागतो तो एक-दोघींचा. मग कागद फिरतो, सगळे सह्या करतात, फाइलसाठी एक फोटो निघतो. रात्रपाळीच्या सिस्टर त्या वेळी घरी झोपलेल्या असतात. त्यांच्या सह्या नंतर ‘मॅडम, तेवढी सही राहिलीय’ म्हणून घेतल्या जातात. आणि यंत्राबरोबर सगळ्यात एकटं कोणी असेल तर त्याच असतात. रात्री ना कंपनीचा माणूस फोन उचलतो, ना बायोमेडिकलचं ऑफिस उघडं असतं.

रुग्णालयांचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांत लिहिलं आहे की वैद्यकीय उपकरणं पात्र आणि प्रशिक्षित माणसांनीच चालवावीत. वाक्य बरोबर आहे, त्यामागचा हेतूही चांगला आहे. पण ‘प्रशिक्षित’ असल्याचा पुरावा म्हणून आपण सह्यांचं पान पुढे करतो, आणि तिथे सगळं थांबतं.

आता यंत्राजवळ जाऊ. सिरिंज पंप घेऊ, कारण दिसायला त्याच्याइतकं साधं दुसरं यंत्र आयसीयूत नाही. पन्नास मिलिलिटरची सिरिंज आडवी बसवायची, गती टाकायची, स्टार्ट दाबायचं. बीपी कोसळलेल्या पेशंटला ते वाढवणारं नॉरॲड्रेनालिन यातून जातं. हे औषध शरीरात दोन-तीन मिनिटांतच ओसरतं, म्हणून ते तासाला दोन-चार मिलिलिटर अशा संथ गतीने, खंड न पडता जात राहावं लागतं. पंप औषध मोजत नाही, हे बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नसतं. तो दट्ट्या किती सरकला ते मोजतो आणि सिरिंजच्या आतल्या व्यासावरून किती मिलिलिटर गेलं असेल त्याचा हिशेब मांडतो. स्क्रीनवर सिरिंजचा ब्रँड चुकीचा निवडला गेला की आकडा बरोबर दिसत राहतो आणि औषध कमी किंवा जास्त जात राहतं.

आता समजा पेशंटने कूस बदलली आणि नळी कोपराखाली दबली. दट्ट्या पुढे सरकतोच आहे, औषधाला वाट नाही, नळीत दाब साठतो आहे. गती तासाला एक-दोन मिलिलिटर असेल तर अडथळ्याचा अलार्म वाजायला अर्धा-पाऊण तासही लागू शकतो. तोवर बीपी घसरू लागलेलं असतं. अलार्म वाजतो, सिस्टर धावत येतात, कोपर उचलतात, नळी मोकळी करतात. कोणीही तेच करेल. पण त्या क्षणी नळीत साठलेलं सगळं औषध एका झटक्यात आत जातं आणि घसरलेलं बीपी एकदम दोनशेच्या पुढे उडी मारतं. बरोबर क्रम वेगळा आहे. आधी पंप थांबवायचा, पेशंटकडचा थ्री-वे, म्हणजे नळीवरची तीन तोंडांची तोटी, बंद करून साठलेला दाब बाहेर सोडायचा, मग नळी मोकळी करायची आणि पुन्हा सुरू करायचं. त्यातही काही नवीन मॉडेल अडथळा कळल्यावर दट्ट्या आपणहून किंचित मागे घेऊन दाब उतरवतात, जुनी उतरवत नाहीत. आमच्या एकाच आयसीयूत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी लटकलेले आहेत. ‘सिरिंज पंपाचं ट्रेनिंग झालं’ या नोंदीत यातलं काय सामावतं?

अमेरिकेतले वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये कौशल्य पारखण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवता येणं, आणि रोजच्या कामात खरंच तसं करणं. मांडणी डॉक्टरांसाठी होती, पण मला ती यंत्रांच्या बाबतीत फार उपयोगी पडते. आपली बहुतेक ट्रेनिंगं पहिल्या पायरीवर सुरू होऊन तिथेच संपतात. शेवटी दहा प्रश्नांचा पेपर ठेवला तर फार तर दुसरी पायरी. भाकरी थापताना बघून भाकरी येत नाही हे प्रत्येक घराला ठाऊक आहे, आणि त्याच घरातून आलेले आम्ही रुग्णालयात मात्र बघितल्याच्या सहीवर विसंबतो.

म्हणून आयसीयूच्या मागच्या छोट्या खोलीत आम्ही एक टेबल मांडलं. त्यावर वॉर्डातलेच पंप, सलाइन भरलेली सिरिंज, नळीच्या टोकाला मोजपात्र. एका वेळी एकच सिस्टर. मी किंवा नर्सिंग एज्युकेटर नळी चिमटीत दाबून धरते आणि म्हणते, “अलार्म वाजला आहे. काय करताय ते बोलत बोलत करा.” बोलत बोलत करायला सांगणं महत्त्वाचं आहे. हात सवयीने बरोबर चालतात, पण का ते कळलेलं नसेल तर मॉडेल बदललं की अडतं. बोलताना ते उघड होतं. एक तरुण ब्रदर, नुकताच जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून आलेला, सगळ्या पायऱ्या बरोबर करत गेला आणि थ्री-वेपाशी थांबून म्हणाला, “मॅडम, हा कुठल्या बाजूला बंद आहे ते मला नेहमी उलटंच वाटतं.” ते त्याने कोणाला कधी विचारलं नव्हतं. वॉर्डात विचारायला वेळ नसतो आणि वर्गात विचारायला लाज वाटते. दोन मिनिटांत त्याचा गोंधळ मिटला. सह्यांच्या पानावर त्याचं नाव केव्हापासूनच होतं.

नोंद कशी ठेवायची यावर आम्ही बराच खल केला. शेवटी एक तक्ता ठरला. डाव्या बाजूला माणसं, वरच्या रांगेत यंत्रं, आणि यंत्रं म्हणजे नुसतं ‘व्हेंटिलेटर’ नव्हे, तर प्रत्येक मॉडेलचा वेगळा रकाना. चौकटीत तारीख, समोर बसून पाहिलं कोणी त्यांची आद्याक्षरं, आणि तीनांपैकी एक शेरा: ‘स्वतंत्र’, ‘सोबत हवी’ किंवा ‘अजून नाही’. गुण नाहीत, टक्के नाहीत. पास-नापास हे शब्द त्या कागदावर कुठेही येऊ द्यायचे नाहीत यावर मी अडून बसले. तक्ता भिंतीवर लावायचा नाही, हेही ठरलं. नातेवाईक काउंटरवर उभे असतात, वाचतात, आणि मग आपल्या पेशंटपाशी आलेल्या सिस्टरकडे वेगळ्या नजरेने बघतात. तो इन्चार्ज सिस्टरच्या ड्रॉवरमध्ये राहतो आणि ड्युटी लावताना बाहेर निघतो. रात्रीच्या पाळीत प्रत्येक महत्त्वाच्या यंत्रासमोर निदान एक ‘स्वतंत्र’ हवी, एवढा साधा नियम. तो पाळताना ड्युटीच्या अदलाबदलीवर किती ओढाताण होते, हे ज्यांनी कधी ड्युटी लावली आहे त्यांना सांगायला नको.

सगळ्यात अवघड गेलं ते ‘अजून नाही’ लिहिणं. खालच्या फळीतल्या मुलींचं लिहायला कोणाला काही वाटत नव्हतं. पण ज्यांनी हा आयसीयू उभा केला, ज्यांच्या हाताखाली निम्म्या सिस्टर शिकल्या, त्यांच्या नावापुढे ते लिहायचं कोणी? “इतकी वर्षं आम्ही पेशंट सांभाळले, आता इंजिनिअर आमची परीक्षा घेणार का?” असं एक सीनियर सिस्टर मला तोंडावर म्हणाल्या. त्यांचा राग मला पटतो. इतक्या वर्षांत त्यांना कोणी यंत्रासमोर बसवून सांगितलं नव्हतं. जे आलं ते त्यांनी पेशंटच्या खाटेशी, रात्री-अपरात्री, स्वतःच्या हिमतीवर मिळवलं होतं. शिवाय एक भीती होती, आणि ती रास्त होती. हा कागद उद्या इन्क्रिमेंटच्या फाइलला तर लागणार नाही ना? मी मेट्रन मॅडमना बरोबर घेऊन व्यवस्थापनाकडून लेखी घेतलं की या तक्त्याचा पगारवाढ, बदली किंवा शिस्तभंगाशी काही संबंध राहणार नाही. तो कागद तक्त्याच्या पहिल्या पानाला चिकटवला आहे. त्याशिवाय पुढचं काहीच झालं नसतं.

तरीही पहिल्या दिवशी कोणी पुढे येईना. मग इन्चार्ज सिस्टर उठल्या आणि म्हणाल्या, “आधी माझं घ्या.”

टेबलावर डीफिब्रिलेटर होता, म्हणजे विजेचा शॉक देऊन हृदयाची लय परत आणणारं यंत्र. त्याला सिम्युलेटर जोडलेला. सिम्युलेटर म्हणजे हृदयाची कोणतीही लय यंत्राला खोटी खोटी दाखवणारी डबी. मी व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन लावलं. सगळ्यांना आधीच सांगितलं होतं की मागच्या वापरानंतर यंत्र ज्या अवस्थेत सोडलं गेलं असेल त्याच अवस्थेत ते तुम्हाला मिळेल, कारण खऱ्या पेशंटपाशीही तसंच मिळतं. त्या दिवशी ते ‘सिंक’वर होतं.

सिंकचं काम असं. हृदय फार वेगाने चालत असेल पण नाडी लागत असेल, तर शॉक ईसीजीमधल्या आर लाटेशी, म्हणजे प्रत्येक ठोक्याला उमटणाऱ्या उंच टोकाशी, जुळवून द्यावा लागतो. भलत्याच क्षणी दिला तर तो शॉकच प्राणघातक लय सुरू करू शकतो. म्हणून सिंक दाबलं की यंत्र आर लाट येईपर्यंत थांबतं आणि मगच शॉक सोडतं. पण व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये हृदय नुसतं थरथरत असतं, ओळखता येईल अशी आर लाटच नसते. तिथे सिंक चालू राहिलं तर यंत्र न येणाऱ्या लाटेची वाट बघत राहतं आणि बटण दाबूनही शॉक जात नाही. काही मॉडेल एका शॉकनंतर आपोआप सिंकमधून बाहेर पडतात, काही आत राहतात, आणि काहींत ते सेटिंगवर अवलंबून असतं. अशा पेशंटला सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणं, मिळत नसेल तर शॉकला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते.

इन्चार्ज सिस्टरनी ऊर्जा निवडली, चार्ज केलं, मोठ्या आवाजात सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं, सगळीकडे नजर फिरवली, बटणं दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. मग त्यांनी पॅडल घट्ट बसवून पाहिले, वायर तपासली. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं SYNC हे चार इंग्रजी अक्षरांचं चिन्ह त्यांना दिसलं तोवर बराच वेळ गेला होता. त्यांनी सिंक बंद केलं, शॉक दिला, पॅडल जागेवर ठेवले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “लिहा. अजून नाही. सगळ्यांसमोर लिहा.” मी लिहिलं. पुढच्या आठवड्यात त्या परत बसल्या आणि त्यांचा रकाना ‘स्वतंत्र’ झाला. जुना शेरा एका रेघेने खोडला, वाचता येईल असा ठेवला. त्यानंतर मला कोणाला बोलवावं लागलं नाही. तोंडावर बोललेल्या त्या सीनियर सिस्टर आता स्वतः दुसऱ्यांचं मूल्यमापन करतात, आणि माझ्यापेक्षा कडक करतात.

तक्ता भरत गेला तसं त्यातून एक असं काही दिसू लागलं ज्याची मी अपेक्षा केली नव्हती. एका मॉनिटरच्या रकान्यात ‘सोबत हवी’ची रांगच लागली, हुशार आणि अनुभवी माणसांचीसुद्धा. अडत सगळे एकाच ठिकाणी होते. अलार्म दोन मिनिटं थांबवण्याचं बटण आणि अलार्म कायमचा बंद करण्याचं बटण स्क्रीनवर शेजारी शेजारी, जवळजवळ सारखी. एक माणूस अडला तर त्याला शिकवता येतं. सगळेच अडत असतील तर दोष शिकणाऱ्यांत शोधण्यात अर्थ नाही. आम्ही कंपनीला तक्त्याची पानं दाखवली आणि कायमचं बंद करण्याचा पर्याय सेटिंगमधून पासवर्डमागे टाकून घेतला. तक्ता नसता तर प्रत्येक सिस्टरला वेगवेगळी तंबी मिळाली असती आणि बटणं जिथल्या तिथे राहिली असती.

हा प्रश्न जुना आहे आणि जगभरचा आहे. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्ये इन्फ्युजन पंपांबद्दल खास मोहीम काढली, तेव्हा २००५ ते २००९ या काळात त्यांच्याकडे पंपांशी संबंधित सुमारे ५६,००० तक्रारी आल्या होत्या आणि ८७ वेळा पंप बाजारातून परत बोलवावे लागले होते. कारणांमध्ये सॉफ्टवेअरमधल्या चुका होत्या, आणि वापरणाऱ्याला गोंधळात टाकणारे स्क्रीनही. त्याच्याही आधी, १९८५ ते १९८७ मध्ये, थेरॅक-२५ नावाच्या रेडिएशनच्या यंत्राने अमेरिका आणि कॅनडात सहा पेशंटना प्रचंड जास्त मात्रा दिली. टेक्सासमधल्या टायलर गावी १९८६ मध्ये यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या स्क्रीनवर ‘मालफंक्शन ५४’ असा संदेश आला होता. अशा संदेशांची तिथे सवय झाली होती, आणि हा संदेश म्हणजे नेमका काय धोका, हे यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात समजेल असं लिहिलेलंच नव्हतं. उपचार पुढे चालू ठेवण्याची कळ दाबली गेली. त्या तंत्रज्ञाला कितीही ट्रेनिंग दिलं असतं तरी जे कंपनीने लिहिलंच नव्हतं ते कुठून शिकवलं असतं? माणसं कुठे अडखळतात याची नोंद ठेवली की ती यंत्र बनवणाऱ्यापर्यंत नेता येते. आपल्याकडे २०१५ पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनच्या देखरेखीखाली मटेरिओव्हिजिलन्सचा कार्यक्रम आहे, उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची माहिती तिथे कळवता येते. ते नाव फार थोड्या वॉर्डांत कोणाला माहीत असतं, आणि ते मला खटकतं.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर मराठवाड्याला पीएम केअर्समधून मिळालेल्या व्हेंटिलेटरचा प्रश्न आला होता. एका बाजूचं म्हणणं, यंत्रंच सदोष आहेत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, यंत्रं ठीक आहेत, ती नीट चालवली जात नाहीत. पेपरमध्ये रोज ते वाचताना मी अस्वस्थ व्हायचे. त्यातलं कोण बरोबर हे ठरवण्याचं काम न्यायालयाचं. पण ‘नीट चालवली जात नाहीत’ हे वाक्य उच्चारलं गेलं की ते सरकत सरकत कुठे जाऊन थांबतं, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते जाऊन थांबतं खाटेशी उभ्या असलेल्या सिस्टरपाशी किंवा निवासी डॉक्टरपाशी. त्या वेळी तिच्या हातात काय असतं? सह्यांचं पान असेल तर ते तिच्याच विरुद्ध जातं: ट्रेनिंग दिलं होतं, ही बघा तुमची सही. याउलट, या मॉडेलवर हिने अमुक तारखेला सेल्फ टेस्ट करून दाखवली, सर्किट जोडून दाखवलं, अलार्म आल्यावर काय करायचं ते करून दाखवलं, अशी नोंद असेल तर निदान चौकशी यंत्राकडे वळते. आणि तिच्या नावापुढे ‘अजून नाही’ असेल, तर तिला त्या यंत्रावर एकटं कोणी ठेवलं, हा प्रश्न ड्युटी लावणाऱ्यांना आणि त्यांच्या वरच्यांना विचारावा लागतो. नर्सिंगच्या संघटनांनी पगार आणि भरतीच्या मागण्यांबरोबर ही मागणीसुद्धा धरावी असं मला फार वाटतं.

आणखी एक पान आमच्या जुन्या रजिस्टरमध्ये कधी नव्हतंच. मामांचं आणि मावशींचं, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांचं. कागदोपत्री ते कोणतंही यंत्र चालवत नाहीत. प्रत्यक्षात पेशंटला सीटी स्कॅनला नेताना ऑक्सिजनचा सिलिंडर मामाच उघडतात, घशातला कफ ओढून काढणाऱ्या सक्शनची बाटली मावशीच रिकामी करून परत लावतात. झाकण तिरकं बसलं की हवा गळते आणि सक्शन ओढतच नाही. फरशी पुसताना पंपाचा प्लग काढून परत लावायचा राहिला, की पंप बॅटरीवर चालत राहतो आणि पहाटे कधीतरी बॅटरी संपते. आम्ही त्यांच्यासाठी वेगळे रकाने केले: सिलिंडरमधला दाब वाचणं, सक्शनची बाटली बसवणं, प्लग आणि त्याचा दिवा. पहिल्यांदा टेबलापाशी बोलावलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “मला लिहिता येत नाही, ताई.” लिहायचं आम्हालाच होतं, त्यांनी फक्त करून दाखवायचं होतं. त्यांनी बाटली बसवली, नळी अंगठ्याने बंद केली आणि काटा चढतोय का ते पाहिलं. ओढ तपासण्याची ती बरोबर पद्धत आहे आणि ती त्यांना कोणी शिकवली नव्हती. आता नव्या सिस्टरना ते काम त्याच दाखवतात.

शिकलेलं टिकतं किती, हाही एक प्रश्न. सीपीआरबद्दल झालेल्या अभ्यासांमधून वारंवार दिसलं आहे की सराव नसेल तर तीन ते सहा महिन्यांत हात ढिले पडतात, सर्टिफिकेटवर मात्र दोन वर्षांची मुदत असते. यंत्रांचंही तसंच. रोज हाताखालून जाणाऱ्या मॉनिटरसाठी वर्षातून एकदा पाहिलं तरी चालतं. जे यंत्र क्वचित लागतं आणि लागतं तेव्हा एका मिनिटाचीही फुरसत नसते, म्हणजे डीफिब्रिलेटर, ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर, बाहेरून लावायचा पेसमेकर, त्यांचे रकाने आम्ही दर सहा महिन्यांनी रिकामे करतो आणि पुन्हा भरतो. डीफिब्रिलेटरची रोजची चाचणी पाळीतल्या वेगवेगळ्या माणसाने करायची, तीही प्लग काढून बॅटरीवर, असं ठरवल्यापासून सराव आपोआप होत राहतो. त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही.

बाकी सगळ्याला मात्र वेळ लागतो, आणि तिथेच खरा पेच आहे. एका सिस्टरला एका यंत्रासमोर नीट बसवायचं तर वीस मिनिटं हवीत. ती ड्युटीवर असताना तिला उचलायचं, तर तिचे पेशंट कोणी बघायचे? ड्युटी संपल्यावर थांबवायचं, तर तो तिच्या घरचा वेळ. रात्रपाळी करून आलेल्या बाईला सकाळी नऊ वाजता टेबलापाशी बसवून तिचं कौशल्य तपासणं तर मला मान्यच नाही. त्या वेळी तपासला जातो तो फक्त थकवा. आम्ही आठवड्यातले काही तास एक जादा सिस्टर केवळ यासाठी मागून घेतली आहे, जी वॉर्डातली जागा धरते आणि एकेकीला मोकळं करते. हा खर्च दिसायला मोठा वाटतो. एका व्हेंटिलेटरच्या किमतीशी, किंवा त्याच्या वर्षभराच्या मेंटेनन्स कराराशी ताडून पाहिला तर तो किरकोळ आहे. यंत्रासाठी लाखो रुपये देताना कोणी मागेपुढे पाहत नाही आणि ते चालवणाऱ्या हातांच्या वीस मिनिटांवर मात्र घासाघीस होते, हे बदललं पाहिजे आणि ते बदलण्याची जागा खरेदीचं टेबल आहे.

सध्या आमच्याकडे नवीन ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर घ्यायचे चालले आहेत. अटींच्या मसुद्यात मी तीन कलमं घातली आहेत. कंपनीने तीनही पाळ्यांत येऊन शिकवायचं, रात्रीची धरून. महिन्याभराने पुन्हा यायचं, आणि तोवर कोण कुठे अडलं त्याची आमची यादी घेऊन बसायचं. शेवटचा हप्ता मिळेल तो आयसीयू आणि कॅज्युअल्टीतल्या ठरलेल्या माणसांचे रकाने आमच्या मूल्यमापनात ‘स्वतंत्र’ झाल्यावर. पर्चेसने पहिली दोन मान्य केली आहेत. तिसऱ्यावर कंपनीचं म्हणणं असं की तुमची माणसं शिकली नाहीत तर आमचे पैसे का अडवता. त्यावर पुढच्या बैठकीत बोलणं आहे, आणि इन्चार्ज सिस्टर तक्ता घेऊन बरोबर येणार आहेत.